शिकवून गेलेल्या

या पुस्तकातल्या बहुतेक बायकांना दोन नावं होती. एक आईवडिलांनी बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं, दुसरं मठात प्रवेश करताना मिळालेलं. दुसरं नाव बहुधा एखाद्या संताचं असे, कधी पुरुष संताचंही, आणि ते निवडणं नेहमीच तिच्या हातात नसे. त्याच नावानं ती प्रगतिपुस्तकांवर सही करी, त्याच नावाला मुली घाबरत आणि त्याच नावावर जीवही लावत, आणि मेल्यावर तेच नाव क्रुसावर लिहिलं जाई. जन्मगावी मात्र त्या नावानं तिला कुणी ओळखत नसे आणि शाळेत तिचं पहिलं नाव कुणाला ठाऊक नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, अनेक संघांनी मूळ नाव परत घ्यायची मुभा दिली. तोवर कितीतरी जणी गेल्या होत्या. या पुस्तकात प्रत्येकीची दोन्ही नावं मिळवायची संपादिकांची धडपड होती. ज्यांना हे उगाचचं टिपण वाटेल त्यांना मी सांगेन की या पुस्तकातलं खरं काम इथूनच सुरू होतं.

कॅथलिक शाळांमधल्या शिक्षिका-धर्मभगिनींबद्दल, ज्यांना आपण सगळे नुसतं ‘सिस्टर’ म्हणतो त्यांच्याबद्दल, इतकं कमी लिहिलेलं का सापडतं याची कारणं त्यांच्या जगण्याच्या रीतीतच आहेत. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतलेल्या बाईच्या मालकीचं काही नसतं. बदलीचं पत्र आलं की सामान बांधायचं. बारा वर्षं शिकवलेली शाळा सोडून तीन प्रांत पलीकडच्या शाळेत जायचं. जाताना मागे वह्यांचे गठ्ठे ठेवायचे नाहीत, कारण खोलीत उद्या दुसरी येणार. जुन्या काळी घरून येणारी आणि घरी जाणारी पत्रं आधी मठप्रमुख वाचत, त्यामुळे पत्रांतही मोकळं मन सहसा सापडत नाही. रोजनिशी लिहिणं म्हणजे स्वतःकडे फार लक्ष देणं असं मानलं जाई. मूल नाही, नातवंडं नाहीत, घर नाही. एका सामान्य मराठी शिक्षिकेच्या मागे निदान एक कपाट उरतं, तिच्या मुली ते उघडतात, त्यातल्या साड्या, फोटो, पासबुकं यांवरून तिचं आयुष्य जुळवत बसतात. सिस्टरांचं तसं काही उरत नाही.

उरतं ते संघाच्या दप्तरात. बहुतेक संघांत मृत भगिनींची तारीखवार नोंद ठेवतात आणि त्या त्या दिवशी भोजनगृहात किंवा प्रार्थनेत ते नाव वाचतात. प्रथा फार सुंदर आहे. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं नाव तिला कधीही न पाहिलेल्या बायका दरवर्षी एकदा मोठ्यानं उच्चारतात. शिवाय एखादी भगिनी गेली की संघाच्या सर्व घरांना तिच्याविषयी पत्र जातं. अशी पत्रं मी पुष्कळ वाचली, आणि माझी तक्रार त्यांच्या भाषेबद्दल आहे. त्यांत ती नम्र असते, प्रार्थनाशील असते, आजारपण शांतपणे सोसते. ती भूमितीतलं प्रमेय कसं शिकवायची, हे नसतं. नकाशा फळ्यावर हातानं काढायची की भिंतीवरचा वापरायची, नापास झालेल्या मुलीच्या घरी कोणत्या तोंडानं जायची, पन्नास मुलींच्या गायनाला एकटी पेटीवर साथ कशी धरायची, हेही नसतं. सद्गुण सगळ्यांचे सारखे लिहिले की माणसं सारखी दिसू लागतात. तिनं चाळीस वर्षं रोज सहा तास केलं ते काम आठवायचं नसेल तर तिला आठवणं म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला या पुस्तकाआधीही पडत होता.

एका पानभर मजकुरात किती जपलं जाऊ शकतं याचा एक नामी दाखला अमेरिकेतला आहे. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ हा संघ १८३३ साली बव्हेरियात कारोलिना गेरहार्डिंगर हिनं स्थापन केला आणि १८४७ साली अमेरिकेत गेला. तिथल्या संघप्रमुखांनी सप्टेंबर १९३० मध्ये एक फर्मान काढलं: प्रत्येक तरुण भगिनीनं व्रतं घेण्यापूर्वी एका कागदावर, दोन-तीनशे शब्दांत, आपला जन्म, आईवडील, बालपणातले प्रसंग, शाळा आणि मठाकडे वळण्याचं कारण लिहून द्यावं. कागद लिहिले गेले, दप्तरात पडून राहिले. १९८६ साली डेव्हिड स्नोडन हे संशोधक मिनेसोटातल्या मॅनकाटो इथल्या मठात वार्धक्याचा अभ्यास करायला आले, आणि पुढे १९१७पूर्वी जन्मलेल्या ६७८ भगिनी त्या अभ्यासात सामील झाल्या. त्यांतल्या बहुतेकींनी जन्मभर शिकवलं होतं. मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यायला त्या सगळ्यांनी संमती दिली. मग ते जुने कागद बाहेर निघाले. विशीतल्या लेखनात ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी जास्त होती त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर कमी आढळला, असा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लेखनात आनंद आणि कृतज्ञता जास्त होती त्या जास्त जगल्या, हे २००१ साली. विज्ञानाच्या दृष्टीनं हे मोलाचंच. मला मात्र त्या फर्मानाचं महत्त्व वाटतं. कुणीतरी एकदा या मुलींना ‘तुझ्याबद्दल लिही’ असं सांगितलं, म्हणून त्यांचा आवाज उरला. बाकीच्या संघांतल्या हजारोंना ते कुणी सांगितलं नाही.

नाव मागे न ठेवण्याची ही सवय नुसत्या विनयातून आलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो दुखरा आहे. मेरी वॉर्ड ही १५८५ साली यॉर्कशायरमध्ये, कॅथलिकांचा छळ होत होता त्या काळात जन्मली. १६०९ साली तिनं सेंट-ओमेर इथे मुलींना शिकवणाऱ्या स्त्रियांचा एक गट उभा केला. तिची मागणी साधी होती: आम्हाला बंदिस्त मठ नको, आम्ही गावात राहू, मुलींना शिकवू, आणि आमचा कारभार आमच्यातलीच एक बाई पाहील. ट्रेंटच्या परिषदेनं धर्मभगिनींना भिंतीआड राहण्याचा नियम आधीच घट्ट केला होता, त्यामुळे ही मागणी बंडासारखी वाटली. ती फ्लँडर्सहून रोमपर्यंत पायी गेली, पोपपुढे बाजू मांडली. १६३१ साली पोप आठवे अर्बन यांनी संस्थाच बरखास्त केली आणि मेरीला म्युनिकमध्ये एका मठात डांबलं. तिथून ती सामानाच्या कागदावर लिंबाच्या रसानं पत्रं लिही. तिच्या सोबतिणी तो कागद उबेवर धरून वाचत. त्या सोबतिणी विखुरल्या, पण शिकवत राहिल्या. पुढे १७४९ साली संस्थेला जगू दिलं गेलं ते एका अटीवर, की मेरी वॉर्डला संस्थापिका म्हणायचं नाही. ही अट १९०९पर्यंत टिकली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं तिच्या संस्थेतल्या बायका जगभर मुलींना इतिहास शिकवत होत्या आणि स्वतःच्या संस्थेचा इतिहास त्यांना मोठ्यानं सांगायची परवानगी नव्हती.

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. याच परंपरेतल्या आयरिश भगिनी, लोरेटो, डब्लिनजवळच्या रॅथफार्नमहून निघून डिसेंबर १८४१च्या अखेरीस कलकत्त्याला उतरल्या. जानेवारीत त्यांची शाळा सुरूही झाली. त्यांची प्रमुख डेल्फिन हार्ट स्वतः विशीतली होती. त्याच सुमारास, १८४२ साली, फ्रान्समधल्या लिऑनहून ‘जीझस अँड मेरी’ संघाच्या भगिनी आग्र्याला पोचल्या. त्यांच्या संस्थापिकेची, क्लॉडिन थेवने हिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७९४ साली क्रांतीच्या धामधुमीत तिच्या दोन भावांना तिच्या डोळ्यांदेखत मृत्युदंडाला नेलं, आणि आम्ही क्षमा करतो तशी तूही कर, हा त्यांचा अखेरचा निरोप होता. त्यानंतर तिनं लिऑनमधल्या रेशमाच्या मागांच्या वस्तीत अनाथ मुलींना गोळा करून त्यांना वाचणं, लिहिणं आणि विणणं शिकवलं. पुढे बेल्जियमच्या लिएजहून ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ १८६०च्या दशकात कराची आणि मुंबईकडे आल्या. वांद्र्याचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट त्यांचंच. १८७० साली मंगळूरला अपोस्टॉलिक कार्मेलच्या भगिनी आल्या. त्यांची संस्थापिका मदर वेरोनिका ही एका अँग्लिकन धर्मोपदेशकाची कॉन्स्टँटिनोपलमध्ये जन्मलेली मुलगी. संघ हिंदुस्थानात वाढला आणि ती स्वतः १९०६ साली फ्रान्समधल्या पो इथल्या मठात वारली. बाकीची यादी मी इथे देत नाही. संघांची संख्या मोठी आहे, आणि सनावळीनं ही माणसं जवळ येत नाहीत.

कामाची पद्धत मात्र समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढच्या आठवणी अधांतरी वाटतील. एकाच आवारात बहुधा दोन शाळा असत. एक फी देणाऱ्यांची, आरंभी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींची, नंतर आपल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींची. दुसरी अनाथांची किंवा गरिबांची, फुकट. पहिलीच्या फीवर दुसरी चाले. या व्यवस्थेमुळे हजारो मुलींना अक्षर आणि अन्न मिळालं, हे खरं. एका आवारात दोन फाटकं होती आणि कोण कोणत्या फाटकातून येणार हे जन्मावरून ठरत होतं, हेही तितकंच खरं. मठाच्या आतही दोन पायऱ्या होत्या. हुंडा आणि शिक्षण घेऊन आलेल्या भगिनी शिकवत. त्याशिवाय आलेल्या स्वयंपाकघर, धुलाई, बाग आणि फाटक सांभाळत. त्यांचा पोशाख वेगळा असे, भोजनगृहातली जागा वेगळी असे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं हा भेद मोडून सगळ्यांना एकाच पंक्तीत आणायला सांगितलं. शाळेच्या आठवणी लिहिणाऱ्यांना मुख्याध्यापिका आठवतात, इंग्रजीच्या सिस्टर आठवतात. पहाटे चारला चूल पेटवणारी, वसतिगृहातल्या तापलेल्या मुलीच्या उशाशी बसणारी, मोजकीच अक्षरं येत असलेली सिस्टर फार थोड्यांना आठवते. तिला शिक्षिका म्हणावं का, यावर संपादक मंडळात मतभेद झाले असं मला कळलं. म्हणावं, असं माझं ठाम मत आहे, आणि तिला पुस्तकात घेतलं याचा मला आनंद आहे.

मराठी मुलखात ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की डोळ्यांसमोर इंग्रजी माध्यम उभं राहतं. ती अर्धीच बाजू झाली. वसईच्या पट्ट्यात, नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या गावांत सिस्टरांनी मराठीतून शिकवलं. दुष्काळी भागातल्या बोर्डिंगमध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलींना बाराखडी, पाढे आणि शिवण शिकवणाऱ्या या बायकांतल्या कित्येक केरळ, मंगळूर किंवा गोव्याहून आलेल्या. त्या मराठी मोठेपणी शिकल्या आणि मग त्यांनी त्याच मराठीत शुद्धलेखन तपासलं. त्या मुलींतल्या काही परिचारिका झाल्या, काही शिक्षिका, काही पुन्हा सिस्टर. वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल काही येत नाही. म्हणून या पुस्तकाचा निम्म्याहून जास्त भाग अशा गावांकडचा आहे, आणि माझ्या मते तोच त्याचा कणा आहे.

प्रसिद्धी मिळालेल्याही आहेत, त्यांना वगळायचं कारण नाही. गोमंतकीय कुटुंबातल्या सिस्टर करुणा मेरी ब्रागांझा मुंबईच्या सोफिया कॉलेजच्या प्राचार्य होत्या. सोफिया पॉलिटेक्निक आणि मतिमंद मुलांसाठीची साधना शाळा उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा होता. दक्षिण मुंबईतल्या त्या नामांकित आवारातून निघून त्या पुढे झारखंडात तोरपाच्या आदिवासी भागात जाऊन राहिल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आयर्लंडात जन्मलेल्या सिस्टर सिरिल मूनी १९५६ साली भारतात आल्या आणि १९७९ साली कोलकात्याच्या लोरेटो सियालदाच्या मुख्याध्यापिका झाल्या. वर सांगितलेली दोन फाटकं त्यांनी एक केली. फी न भरू शकणाऱ्या मुलींची संख्या वाढवत त्यांनी ती जवळपास निम्म्यावर नेली, रस्त्यावर राहणाऱ्या मुलींना शाळेच्या इमारतीतच घर दिलं, आणि वरच्या वर्गातल्या मुलींच्या वेळापत्रकातच त्यांना शिकवण्याचा तास घातला. उपकाराचं काम त्यांनी अभ्यासक्रमाचा भाग केलं. २००७ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली; २०२३ साली त्या गेल्या. आणि मदर तेरेसा? १९३१ ते १९४८ त्या एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत बंगाली मुलींना भूगोल आणि इतिहास शिकवत होत्या, १९४४पासून मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यावरच्या चरित्रांत ही सतरा वर्षं बहुधा दोन-चार पानांत उरकलेली असतात, जणू ती खऱ्या कामाची वाट पाहण्यात गेली. वर्गातल्या कामाला आपण किती कमी लेखतो ते यात दिसतं.

आठवण काढणं नेहमी सोपं नसतं, हेही सांगायला हवं. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतल्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेला सुटीच्या थोडं आधी आग लागली. वरच्या मजल्यावरच्या वर्गांतून पन्नास-पन्नास, साठ-साठ मुलं होती. ९२ मुलं गेली, आणि मुलांसोबत तीन शिक्षिका: सिस्टर मेरी क्लेअर थेरेस, सिस्टर मेरी सेराफिका, सिस्टर मेरी सेंट कॅनिस. धुरानं जिना बंद झाल्यावर काही वर्गांत मुलांना जागेवर बसून प्रार्थना करायला सांगितलं गेलं, असं वाचलेल्यांनी पुढे सांगितलं. काहींसाठी ती अखेरची माया होती. काहींच्या मनात आयुष्यभर प्रश्न राहिला की खिडकीकडे का नाही पाठवलं. त्या तिघी मुलांना सोडून गेल्या नाहीत. त्यांना आठवताना हा प्रश्नही सोबत ठेवावा लागतो, आणि एका वर्गात साठ मुलं कोंबणारी, आगीची पुरेशी तयारी नसलेली व्यवस्थाही. तिथल्या शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम त्यानंतर कडक झाले.

याहून अवघड पानंही आहेत. आयर्लंडमध्ये सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल २००९ साली आला. धर्मसंघांनी चालवलेल्या सुधारशाळांत मुलांना पिढ्यानुपिढ्या झालेली मारहाण, उपासमार आणि अपमान त्यात नोंदले आहेत, आणि त्यांत भगिनींनी चालवलेल्या संस्था आहेत. कॅनडातल्या सत्यशोधन आयोगानं २०१५ साली आदिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल तेच केलं. मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा मोडणाऱ्या त्या शाळांत काम करणाऱ्यांमध्येही सिस्टर होत्या. एखाद्या भल्या सिस्टरची आठवण सांगून या गोष्टी पुसता येणार नाहीत, आणि तसा प्रयत्न कुणी करू नये. आपल्याकडेही पट्टीचे वळ, वर्गात मराठी बोलल्याबद्दलचा दंड, काळ्यासावळ्या मुलींना नाटकात मागे उभं करणं हे सोसलेल्या बायका आज आपल्यात आहेत. संपादिकांनी ते लिहिणाऱ्यांचे लेख गाळले नाहीत. एका लेखात बाई लिहितात की त्यांना इंग्रजी देणारी आणि त्यांचा आत्मविश्वास मोडणारी सिस्टर एकच होती. तो लेख दोनदा वाचावा.

आत्ताच हे का, असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा देते. १९६५च्या सुमारास अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. आज ४० हजारही नाहीत, आणि त्यांतल्या पुष्कळ सत्तरीपुढच्या आहेत. तिथे एकेक मठ बंद होतो तशी दप्तरं खोक्यांत भरून हलवली जातात. भारतात चित्र वेगळं आहे, इथे संघांत अजून तरुण मुली येतात. पण १९४०-५०च्या दशकांत व्रतं घेतलेली पिढी इथेही जवळजवळ संपली, आणि तिनं शिकवलेल्या मुली आता स्वतः ऐंशीच्या घरात आहेत. या मुलींच्या तोंडून जे मिळेल तेवढंच मिळणार. दप्तरात ते नाही.

पुस्तकातल्या नोंदी मृत्यूच्या तारखेनुसार लावलेल्या आहेत, मठातल्या रीतीप्रमाणे. काहींच्या वाट्याला बारा पानं आली, काहींच्या वाट्याला दोन ओळी. त्या दोन ओळींच्या नोंदींत नाव, गाव, शाळा आणि विषय एवढं तरी आहेच, आणि ज्या वाचकांपाशी त्यांच्याबद्दल एखादं पत्र, गटाचा फोटो, सही केलेलं प्रगतिपुस्तक किंवा नुसती ऐकीव गोष्ट असेल त्यांनी ती संपादिकांकडे पोचवावी. पुढच्या आवृत्तीत ती येईल. कडूगोड, दोन्ही चालेल. क्रमानंच वाचलं पाहिजे असं नाही. मला विचाराल तर आधी स्वयंपाकघर आणि फाटक सांभाळणाऱ्या चौघींच्या नोंदी वाचा, मग मुख्याध्यापिकांकडे वळा.